मागच्या पंधरा रात्री भरून देऊ का?

वाचकाचं पत्र, थोडं कापून. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

"मी सिंहगड रोड भागातल्या एका केअर सेंटरमध्ये मॅनेजर आहे. बी.कॉम.नंतर हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचा डिप्लोमा केला, आधी एका हॉस्पिटलात बिलिंगला होते. आमच्याकडे तीन मजल्यांवर ३४ आजी-आजोबा आहेत. त्यातले १४ जण अंथरुणाला खिळलेले, काहींना नाकातून नळी, काहींना कॅथेटर. रात्री तीन मावश्या आणि एक सिस्टर असतात.

डिमेन्शिया असलेले एक आजोबा आहेत, बँकेतून रिटायर झालेले. रात्री दोन-अडीचला उठतात आणि 'ब्रँच उघडायचीय' म्हणून निघतात. मागच्या महिन्यात जिन्याजवळ पडले, कपाळाला टाके पडले. न्यू जर्सीतल्या त्यांच्या मुलीला 'बाथरूममध्ये पाय घसरला' असं सांगितलं गेलं. तेव्हापासून रात्री त्यांचे हात ओढणीनं कॉटला बांधतात. आता त्यांच्या माकडहाडावर जखम झालीय. मुलगी पुढच्या आठवड्यात येतेय आणि तिनं कूस बदलण्याच्या नोंदी मागितल्यात. रात्रीचे रकाने रिकामे आहेत. आमचे सर, म्हणजे मालक, म्हणाले, 'मागच्या पंधरा रात्री मावश्यांकडून भरून घ्या आणि तुम्ही सही करा.' मी का-कू केलं तर म्हणाले, 'मॅडम, हे हॉस्पिटल नाही, घर आहे. आणि तुम्ही काय डॉक्टर आहात का, लायसन्स जायला?'

माझ्यासारखीला खरंच काही नियम असतात का? सही करू का? नोकरी सोडू का? धायरीच्या फ्लॅटचा हप्ता माझ्या पगारावर चालतो. आणि एक विचारायचं होतं. एका आजींनी त्यांचं एटीएम कार्ड माझ्याकडे दिलंय, औषधांचे पैसे काढायला. ते चालतं ना?"

ताई,

सही करू नका. बाकी सगळं सावकाश बोलू, पण मुलगी पुढच्या आठवड्यात येतेय म्हणून हे पहिलं.

रिकामा रकाना म्हणजे फार तर हलगर्जी. खोटा भरलेला रकाना म्हणजे बनावट कागद, आणि त्याखाली नाव तुमचं. सरांनी सांगितलं ते तोंडी, अक्षर मावशीचं, सही तुमची. सर त्या कागदावर कुठंच नाहीत, हे तुमच्या लक्षात आलंय का? उद्या प्रकरण पोलीस ठाण्यात गेलं तर आधी ज्यांना बोलावतील त्या बीड-लातूरकडून पोटासाठी पुण्यात आलेल्या, बारा तासांची ड्युटी करणाऱ्या बायका असतील. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. त्यांना त्यात ओढायचा हक्क सरांना नाही आणि तुम्हालाही नाही.

शिवाय असा तक्ता लपत नाही. मेट्रन म्हणून आणि पुढे प्रशासनात असताना असे कागद माझ्या टेबलावर पुष्कळ आले. पंधरा रात्री एका दुपारी भरल्या की कागद बोलतो. सगळीकडे एकच निळं पेन, एकाच कलाचं अक्षर, दहा-बारा-दोन-चार-सहा अशा ठोक वेळा, आणि 'डावी, पाठ, उजवी' ही पाळी एकदाही न चुकता. खऱ्या रात्रीचा तक्ता इतका शहाणा नसतो. त्यात बाराच्या जागी १२.४० असतं, मध्येच 'जुलाब, चादर बदलली' असतं, पेन संपल्यामुळे दोन ओळी पेन्सिलीत असतात. वर हजेरीपट असतो, मावश्या पुरवणाऱ्या ब्युरोचं बिल असतं, जिन्यातला कॅमेरा असतो. गुरुवारी गावाला गेलेल्या मावशीची गुरुवार रात्रीची सही सापडायला कुणी डिटेक्टिव्ह लागत नाही. आणि ती जखम. दर दोन तासांनी कूस बदललेल्या माणसाला इतक्या थोड्या दिवसांत माकडहाडावर उघडी जखम कशी झाली, हा प्रश्न तुमचा नीटनेटका तक्ता स्वतःच विचारायला लावेल.

मग रिकाम्या रकान्यांचं काय? त्यावर तिरकी रेघ मारा, 'नोंद केलेली नाही' असं लिहा, खाली आजची तारीख, वेळ आणि सही. एखाद्या मावशीला एखाद्या रात्रीचं खरोखर काही आठवत असेल, तर ते वेगळ्या कागदावर 'उशिरा केलेली नोंद' या मथळ्याखाली लिहा: आज कोणी सांगितलं, कधीचं सांगितलं, किती खात्रीनं सांगितलं. आठवत नसेल तर नाही. व्हाइटनरची बाटली इमारतीबाहेर काढा. आणि आज रात्रीपासून तक्ता ऑफिसात न ठेवता कॉटच्या पायथ्याशी दोरीनं पेन बांधून लटकवा. खाली येऊन सकाळी लिहायचा तक्ता कधीच खरा होत नाही.

आता सरांचा लायसन्सचा टोमणा. त्यात अर्धं खरं आहे. डॉक्टरच्या डोक्यावर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल असते, सिस्टरच्या डोक्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल. मॅनेजरच्या डोक्यावर आपल्याकडे कोणीच नाही. बिलिंगमधून, एच.आर.मधून, कधी मालकाचा मेहुणा म्हणूनही माणूस त्या खुर्चीत येतो. अमेरिकेत हे वेगळं आहे. तिथं १९६७ साली सामाजिक सुरक्षा कायद्यात दुरुस्ती झाली आणि नर्सिंग होमच्या प्रशासकाला परवाना असणं सक्तीचं झालं. प्रत्येक राज्यात त्यासाठी मंडळ आहे, देशपातळीवरची परीक्षा आहे, परवाना टिकवायला पुढेही शिकत राहावं लागतं, आणि गैरवागणुकीबद्दल तो परवाना काढूनही घेतात. तिथं सगळं आलबेल आहे असं समजू नका, तिथल्या नर्सिंग होमच्या भानगडीही काही कमी नाहीत. पण तिथल्या मॅनेजरला एक वाक्य म्हणता येतं: "सर, ही सही केली तर माझं लायसन्स जाईल." मालक ते ऐकून गप्प बसतो, कारण परवाना असलेल्या मॅनेजरशिवाय त्याचं दुकान चालत नाही. लायसन्स ही टांगती तलवार असते तशी ढालही असते. तुमच्याकडे ती नाही. म्हणून तुम्हाला दुसऱ्या कागदाचा आधार घ्यावा लागेल.

तो कागद आहे, आणि चांगला जुना आहे. १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा, मुंबई राज्याच्या वेळचा, आता महाराष्ट्राच्या नावानं चालतो. २०१० चा केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आपल्या राज्यानं स्वीकारलेला नाही, त्यामुळे इथं चलन याचंच. आजार, इजा किंवा दुर्बलता असलेल्या माणसांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार आणि शुश्रूषा जिथं होते ती जागा म्हणजे शुश्रूषागृह, अशी त्यातली व्याख्या. नाकातली नळी, कॅथेटर, जखमेचं ड्रेसिंग याला उपचार आणि शुश्रूषा म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? पाटीवर 'घर' लिहिलं म्हणून आतली नळी गळून पडत नाही. पुण्यात वृद्धांसाठीची घरं काही नवी नाहीत, नवी पेठेतलं 'निवारा' एकोणिसाव्या शतकापासून उभं आहे. पण हिंडत्या-फिरत्या वृद्धांचा सांभाळ हे एक काम आणि अंथरुणावरच्या माणसाची शुश्रूषा हे दुसरं. अलीकडे बंगल्या-बंगल्यांत निघालेली कितीतरी सेंटर्स काम दुसरं करतात, पैसे दुसऱ्या कामाचे घेतात आणि पाटी पहिल्या कामाची लावतात.

याच कायद्यात नोंदणी कोणत्या कारणांवरून नाकारता येते ते दिलेलं आहे. त्यातलं एक कारण असं: शुश्रूषागृहाचं व्यवस्थापन तिथंच राहणाऱ्या पात्र डॉक्टरच्या किंवा पात्र परिचारिकेच्या हाती नसणं. आणखी एक: शुश्रूषा करणाऱ्यांत पात्र परिचारिकांचं योग्य प्रमाण नसणं. म्हणजे "तुम्ही काय डॉक्टर आहात का" हा प्रश्न सरांनी तुम्हाला विचारायच्या कितीतरी आधी कायद्यानं सरांना विचारून ठेवलाय. उत्तर द्यायची पाळी त्यांची आहे.

उद्या कामावर गेलात की रिसेप्शनची भिंत बघा. नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी भागात लावायचं असतं. महापालिकेच्या हद्दीत ते महापालिकेचा आरोग्य विभाग देतो आणि दर ३ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. त्यावर कोणाचं नाव आहे, किती कॉट आहेत, मुदत कधी संपते, एवढं डायरीत उतरवून घ्या. जानेवारी २०२१ मध्ये या कायद्याचे नियम सुधारले. तेव्हापासून रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रकही भिंतीवर लागतं. प्रमाणपत्रावर पंधरा कॉट आणि वर ३४ माणसं असा प्रकार निघाला, किंवा भिंतीवर फक्त गणपतीची तसबीर निघाली, तर पाणी कुठे मुरतंय ते तुम्हाला कळेल. सर 'घर आहे, घर आहे' का म्हणतात तेही कळेल.

हे सगळं सांगितलं, पण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न यात नाही. तुम्ही सहीबद्दल विचारलंत, ओढणीबद्दल अपराधी वाटतंय असं ओळीओळीतून दिसतं. पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मात्र तुम्ही जाता जाता लिहिलंय: रात्री तीन मावश्या आणि एक सिस्टर.

एक हिशोब मांडून बघा. अंथरुणावरचे १४ जण. एकाची कूस बदलायची, डायपर बघायचं, ओलं असेल तर पुसून कोरडं करायचं, पाठ तपासायची, उशी लावायची. दोन जणींनी मिळून घाईनं केलं तरी दहा मिनिटं धरा. १४ जणांचे १४० मिनिटं झाले. आणि फेरी दर दोन तासांची, म्हणजे १२० मिनिटांची. पहिली फेरी संपायच्या आत दुसरीची वेळ उलटून गेली. यात पाणी प्यायला, लघवीला जायला, मजला चढायला वेळ धरलेलाच नाही. तिसरी मावशी उरलेल्या वीस जणांसाठी तीन मजल्यांवर एकटी. सिस्टर औषधं, नळीतून फीड आणि कोणाला दम लागला तर त्याच्याजवळ. अशात अडीच वाजता आजोबा उठले तर त्यांच्यामागे कोण जाणार?

म्हणजे तो तक्ता ज्या दिवशी छापला त्याच दिवशी खोटा होता. मावश्यांनी रकाने रिकामे ठेवले हा त्यांचा प्रामाणिकपणाच म्हणायचा. ओढणी, रिकामा तक्ता, माकडहाडाची जखम आणि आता खोटी सही, हे चार वेगळे प्रश्न म्हणून सोडवायला गेलात तर दमून जाल. चारही एकाच जागेतून आलेत. रात्री माणसं किती ठेवायची हा निर्णय डॉक्टर घेत नाहीत, सिस्टर घेत नाही. तो व्यवस्थापनाचा निर्णय आहे. मॅनेजरच्या कामाचा दर्जा कशावरून जोखायचा असं मला कोणी विचारलं तर मी रात्रीची ड्युटी-लिस्ट मागेन. लॉबीतली झाडं आणि वाढदिवसाचे फोटो नंतर बघू.

सरांशी बोलताना हाच हिशोब घेऊन जा. दया, माणुसकी, आपले आई-वडील असते तर, यातलं काही काढू नका. ते त्यांनी माहितीपत्रकात तुमच्या-माझ्यापेक्षा छान लिहिलेलं असेल. आकडे मांडा. समजा रात्रीच्या आणखी दोन मावश्या महिन्याला १८,००० प्रमाणे ठेवल्या. ३६,००० झाले. ३४ जणांत माणशी हजार-अकराशे. ब्युरोचा खरा दर तुम्हाला माझ्यापेक्षा नीट ठाऊक, तो घाला. दरवाढ करायची असेल तर कुटुंबांना कारण सांगून करता येते: 'रात्री दोन माणसं वाढवली.' हे कारण ऐकून कटकट करणारी मुलं मी फार पाहिली नाहीत.

आणि सगळ्यांना दोन तासच हवेत असंही नाही. चांगली एअर मॅट्रेस असेल, त्वचा शाबूत असेल, तर कोणाला किती वेळानं वळवायचं ते डॉक्टर आणि सिस्टर माणसागणिक ठरवू शकतात. त्यासाठी ब्रेडन स्केल म्हणून एक साधी मोजपट्टी आहे: दुखणं-खुपणं कळतं का, अंग किती ओलं राहतं, किती हिंडतात, स्वतः कुशीला वळतात का, किती खातात, चादरीवर घासतात का, अशा सहा गोष्टींना गुण द्यायचे. बेरीज ६ ते २३, जितकी कमी तितका अशा जखमेचा धोका जास्त. तुमच्या सिस्टरला ती शिकलेली असणार. १४ जणांची मोजणी एका दुपारी होईल. मग कदाचित आठ जणांना दोन तास आणि सहा जणांना जास्त असा खरा, पाळता येणारा तक्ता तयार होईल. पाळता न येणारा नियम भिंतीवर लावला की लोक खोटं लिहायला शिकतात.

आता ओढणी.

आजोबा त्या १४ जणांत नव्हते, बरोबर? चालते-फिरते होते, झोपेत आपले आपण कुशीला वळत होते. हात बांधल्यापासून ते वळू शकत नाहीत. रात्रभर पाठीवर. माकडहाडावर सगळं वजन, घाम, ओलं डायपर. जखम तिथूनच आली. पडू नयेत म्हणून बांधलं आणि तुमच्या यादीत पंधरावा माणूस वाढवून ठेवला.

कायदा काय म्हणतो ते सांगते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ९७. माणसाला बांधून ठेवणं तेव्हाच, जेव्हा त्याला किंवा इतरांना तातडीची इजा होण्यापासून वाचवायचा दुसरा मार्गच नसेल, आणि तेही उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं. गरजेपुरताच वेळ. कसं, का आणि किती वेळ बांधलं याची लगेच नोंद. रुग्णाच्या नेमलेल्या प्रतिनिधीला २४ तासांत कळवायचं. शिक्षा म्हणून कधीच नाही. आणि पुढचं वाक्य तर तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे: केवळ कर्मचारी कमी आहेत या कारणानं बांधता येणार नाही. तुमचं सेंटर या कायद्याखाली येत नाही असं सरांचे वकील म्हणतील. म्हणू देत. या कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्ती आणि स्थळकाळाचं भान यांतला मोठा बिघाड येतो, तेव्हा डिमेन्शियाचे रुग्ण ठेवणाऱ्याला कानावर हात ठेवणं सोपं नाही. आणि जिथं मानसोपचारतज्ज्ञ हजर असतात तिथंही जे चालत नाही, ते बंगल्याच्या दुसऱ्या मजल्यावर मावशीच्या भरवशावर कसं चालेल? अमेरिकेनंही १९८७ च्या कायद्यात शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधायला बंदी घातली. तिथल्या नर्सिंग होमवाल्यांनाही आधी वाटत होतं की दोऱ्या सोडल्या तर म्हातारी माणसं धडाधड पडतील.

सोडायची कशी? आज रात्रीच सुरुवात करा. कॉट भिंतीला लावा, खाली करता येत असेल तर अगदी खाली, नसेल तर गादी जमिनीवर. बाजूचे कठडे वर करून ठेवले की काम झालं असं वाटतं, पण डिमेन्शियाचा माणूस त्यावरून चढतो आणि मग जास्त उंचीवरून पडतो. ते अडीचला उठतात ना, मग मावशीनं दोनलाच त्यांना उठवून लघवीला न्यावं. निम्म्या वेळा माणूस त्याच्यासाठीच उठतो आणि त्याला ते सांगता येत नाही. संध्याकाळी लघवीची गोळी चालू असेल तर ती सकाळी देता येईल का, डॉक्टरांना विचारा. बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग, गुडघेदुखी बघून घ्या. खोली आणि संडास यांच्या वाटेवर मंद दिवा, पायात मागून पट्टा असलेल्या चपला, दाराला तुळशीबागेत मिळते तसली एक घंटी. जिन्याला फाटक तर आधीच हवं होतं. झोपेची गोळी वाढवून घ्यायचा मोह टाळा. अल्प्राझोलामच्या गुंगीत उठलेला म्हातारा माणूस जागेपणी उठलेल्यापेक्षा सहज पडतो, आणि गोळीनं गप्प करणं हेही बांधणंच.

आणि त्यांच्याशी वाद घालू नका. "आजोबा, तुम्ही रिटायर झालात" म्हटलं की ते चिडतात आणि जोर करतात. मावशीला सांगा, म्हणायचं, "साहेब, आज रविवार आहे." मग हात धरून आरामखुर्चीत बसवायचं, पाणी द्यायचं, मांडीवर एखादी जुनी वही आणि पेन. बँकेतली माणसं ताळेबंद जुळवत बसतात आणि पंधरा-वीस मिनिटांत डुलक्या घेतात. हे रोज जमेल असं नाही. ज्या रात्री जमणार नाही त्या रात्री एक माणूस त्यांच्याजवळ बसलेला लागेल. पुन्हा तोच हिशोब.

तरीही ते कधीतरी पडतील. हे मुलीला आधीच सांगायचं असतं.

मुलीचं सांगते. ती येऊन तक्ता मागेल तोवर थांबू नका, तुम्ही आधी फोन करा. पुण्यात संध्याकाळचे साडेसात म्हणजे तिकडे सकाळ असते. त्याआधी डॉक्टरांना जखम दाखवा, किती खोल आहे ते लिहून घ्या. पडले तेव्हा ते रक्त पातळ करणारी गोळी घेत होते का, डोक्याचा स्कॅन झाला का, तेही बघा, कारण ती विचारणार आणि विचारायलाच हवं. सरांना मेल करा की मी आज अमुक वाजता कळवणार आहे, तुम्हीही फोनवर असलात तर बरं. मग सरळ सांगा: "बाबा मागच्या महिन्यात बाथरूममध्ये नाही, जिन्याजवळ पडले. तुम्हाला तेव्हा चुकीचं सांगितलं गेलं. त्यानंतर रात्री त्यांचे हात बांधले जात होते, ते आम्ही थांबवलंय. माकडहाडावर जखम झालीय, डॉक्टरांनी आज पाहिलीय. रात्रीच्या नोंदी ठेवल्या गेल्या नाहीत, त्या मी नंतर भरणार नाही." बस. 'पण', 'खरं तर', 'आमचा स्टाफ नवीन होता' यातलं काही जोडू नका. ती ओरडेल. ओरडू द्या, फोन ठेवू नका.

सर म्हणतील, ती ग्राहक आयोगात जाईल. जाऊ शकते, तो तिचा हक्क आहे, पैसे घेऊन सेवा दिली की ते आलंच. पण वडील पडले म्हणून भांडणाऱ्या नातेवाइकांपेक्षा आपल्याला फसवलं म्हणून भांडणारे मी जास्त पाहिलेत, आणि दुसऱ्या प्रकारचे लोक तडजोड करत नाहीत. सरांनी फोन करायला साफ मनाई केली तर मेलवर तशी मनाई लिहून मागा. ती मिळणार नाही. आणि मुलगी समोर येऊन बसली की तिच्या प्रश्नाला खरं उत्तर द्या. तिथं वेळ मारून नेऊ नका.

एटीएम कार्ड आजच परत करा. तुमची नियत स्वच्छ असेल, पण आजी उद्या विसरल्या की दोन हजार कधी काढले, तर तुमच्याकडे दाखवायला काही नाही. त्यांच्या मुला-भाच्याला औषधांचं बिल थेट भरू द्या. सत्तरीच्या पुढच्या ग्राहकांना बँकेची माणसं घरी येऊन पैसे देतात, तशी सोय करायला रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये बँकांना सांगितलंय. आजींच्या शाखेत विचारा. ॲम्ब्युलन्सवाला, ब्युरोवाला, डायपरचा डीलर दिवाळीला पाकीट देत असतील तर तेही असंच परत करा.

राहता राहिली नोकरी. लगेच सोडू नका. हप्ता आहे म्हणून तर आहेच, शिवाय तुम्ही गेलात तर त्या खुर्चीत सही करणारं कोणीतरी दुसऱ्या दिवशी येऊन बसेल. आधी सरांना एक मेल लिहा. लांब नको. असं काहीतरी:

"सर, काल आपण सांगितल्याप्रमाणे मागील नोंदी भरणं मला शक्य नाही. रिकाम्या रकान्यांवर 'नोंद केलेली नाही' असं आजच्या तारखेनं लिहिलं आहे. आजपासून कोणालाही बांधायचं नाही अशी सूचना रात्रपाळीला दिली आहे. १४ जणांच्या फेरीचा वेळेचा हिशोब आणि दोन जादा मावश्यांचा खर्च सोबत जोडला आहे. या आठवड्यात निर्णय मिळावा. तोवर अंथरुणावरचे नवीन रुग्ण घेऊ नयेत अशी माझी विनंती आहे."

शेवटचं वाक्य गाळू नका. कॉट रिकामी दिसली की भरायची घाई होते, आणि तुमची सगळी गणितं तिथं कोसळतात.

सर चिडतील आणि माणसं वाढवतील, असंही होतं. मालक लोक लेखी मेलला जितके घाबरतात तितके देवाला घाबरत नाहीत. माणसं वाढवली नाहीत, ओढणी पुन्हा बांधली गेली, तर महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी तक्रार करा. शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली त्यांना येऊन तपासणी करता येते, रजिस्टरं बघता येतात. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मोफत हेल्पलाइनही आहे, तिथं कर्मचाऱ्यानं फोन केला तरी चालतो. रुग्णांचे कागद मोबाइलवर फोटो काढून घरी नेऊ नका, ते तुमचे नाहीत आणि उद्या तेच अंगलट आणतील. तुमचे स्वतःचे मात्र नेऊन ठेवा: नियुक्तिपत्र, पगाराच्या स्लिपा, सरांना पाठवलेल्या प्रत्येक मेलची प्रत. नियुक्तिपत्रात तुमची कामं आणि अधिकार लिहिलेले नसतील तर तेही लिहून मागा. रात्रीची माणसं ठरवायचा अधिकार तुमचा की सरांचा, हे त्या पत्रात स्पष्ट असायला हवं. आणि दुसरीकडे चौकशी आजपासूनच सुरू करा. नव्या जागी मुलाखतीला गेलात की पगाराआधी एक विचारा: रात्री किती जण असतात, किती रुग्णांमागे. समोरचा अडखळला तर चहा पिऊन परत या.